मोहन्याचा एकासनी रथ

कल्याणहून मोहन्यास जाणे ह्यास प्रवास म्हणावे की नाही, ह्याविषयी वाचकांत मतभेद होण्याचा संभव आहे. कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलने शहाड, त्यापुढे आंबिवली; दोन स्थानके झाली की उतरावयाचे आणि रिक्षाने मोहन्यात शिरावयाचे. काशीयात्रा करून आलेल्या माणसानेही हल्ली वर्णन लिहावयास बसू नये, तेथे आमच्या ह्या जाण्यायेण्याची काय कथा! परंतु गेल्या मार्गशीर्षातील एका रविवारी आम्ही तेथे गेलो ते एका कामगिरीवर. त्या कामगिरीचा कागद आमच्या सदऱ्याच्या खिशात घडी घालून ठेविलेला होता आणि तो जाताना जितका जड वाटला तितके जड ओझे आम्ही दूरच्या प्रवासातही कधी वाहिले नाही.

कागद आमच्या नातवाच्या कॉलेजाचा. नातू अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. त्याने व त्याच्या सोबत्यांनी मिळून शर्यतीची एक मोटार बांधिली आहे. एकाच माणसाने बसावयाची, चारी चाके अंगाबाहेर उघडी असलेली, फॉर्म्युला वनच्या शर्यतीत दिसते त्या घाटाची, पण पुष्कळ लहान. जानेवारीत ती कोइमतूरच्या स्पर्धेस न्यावयाची आणि ती हाकण्यास जे चौघे निवडले त्यांत आमचा नातू. पालकांची हरकत नाही अशी सही त्या कागदावर हवी होती. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त बाहेरगावी असतात. त्यांनी “बाबा, तुम्ही ठरवाल ते खरे,” असे फोनवर सांगून आपली सुटका करून घेतली. राहिल्या सूनबाई. त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाने दहा वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात एक पाय गमावला. त्या दिवसापासून आमच्या घरात वेग ह्या शब्दाला बंदीच आहे म्हणा ना. तरी त्यांनी आकांडतांडव केले नाही. रात्रीची झाकपाक करता करता त्या एवढेच म्हणाल्या, “बाबा, सही करू नका असे मी म्हणत नाही. पण स्वतः डोळ्यांनी पाहिल्यावाचून करू नका.”

तेव्हा पाहावयास निघालो.

शहाड सोडले की गाडी उल्हास नदीवरून जाते. हिवाळ्यात पाणी संथ असते, आणि जलपर्णी माजली म्हणजे नदी आहे की हिरवे कुरण आहे हे परक्या माणसास सांगावे लागते. मोहन्यास ह्या नदीवर बंधारा आहे व तेथून उपसलेले पाणी कल्याण-डोंबिवलीच्या घरोघरी जाते. आम्ही रोज सकाळी संध्येस बसतो ते ह्याच पाण्याचा तांब्या घेऊन. परंतु ते कोठून येते हे पाहावयास कधी वाकडी वाट केली नव्हती. मोहने म्हटले की आमच्या पिढीस नदी आठवत नाही, रेयॉनचा कारखाना आठवतो. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन ही कंपनी १९४६ साली स्थापन झाली आणि तिच्याभोवती वसाहत, बाजार, शाळा असे एक गावच उभे राहिले. पाळ्या सुटल्या की रस्ता माणसांनी फुलून जाई. २००९ मध्ये कारखाना बंद पडला. आता तेथून जाताना पाळीची गर्दी नाही आणि तो ओळखीचा उग्र दर्पही नाही.

आमचे मेहुणे त्या कारखान्यात एकोणतीस वर्षे होते. वय आज पंचाहत्तर, दृष्टी अधू, पण बोटांतली समज शाबूत. त्यांना बरोबर घेतले. कारण यंत्रातले आम्हांस काय कळते? आमचा सर्व जन्म लघुकौमुदी आणि रूपावली घोकून घेण्यात गेला. खरे सांगावयाचे तर एकट्याने निकाल देण्याचे धैर्य नव्हते, म्हणून साक्षीदार नेला.

मोटारीचा मुक्काम नातवाच्या एका मित्राच्या वडिलांच्या वर्कशॉपात होता. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड. पुढे मालमोटारी वळविण्याकरिता केलेले सिमेंटचे लांबट अंगण. रविवारी तेथे काम बंद, म्हणून मुलांना मोकळीक. आत शिरलो तो सात-आठ मुले व तीन मुली हातापायांस काळे फासून जमिनीवर बसलेल्या. आम्हांस पाहताच सर्वांनी उठून नमस्कार केले. एका मुलीने खुर्ची पुसून दिली; पुसल्यामुळे ती अधिकच काळी झाली, तरी आम्ही बसलो.

प्रथमदर्शनी ती मोटार आम्हांस अपुरी वाटली. घर बांधून झाले आणि भिंती राहिल्या, असे काहीसे. पोलादी नळ्यांचा एक सांगाडा, त्यात निजल्यासारखे बसावयाची जागा, पाठीमागे इंजिन, आणि चार कोपऱ्यांस बारीक बारीक भुजांनी धरून ठेविलेली चार चाके. ती चाके शरीराबाहेर का? आमचा पहिला प्रश्न हाच. साध्या मोटारीची चाके झाकलेली असतात ती चिखल उडू नये आणि वारा अडू नये म्हणून. मग वेगासाठी केलेल्या मोटारीने नेमके झाकणच का टाकावे?

नातवाने जे सांगितले ते आमच्या शब्दांत देतो. झाकण टाकले की वजन कमी होते. चाकांच्या आत बसविलेल्या ब्रेकांस सरळ वारा लागून ते निवतात. चाकास धरणाऱ्या भुजा उघड्यावर असल्याने क्षणात बदलता येतात, आणि हाकणाऱ्यास आपली पुढची दोन्ही चाके डोळ्यांसमोर दिसतात, म्हणून वळणावर ती कोठे पडतात हे त्यास बोटभर अंतराने कळते. पण ह्याची किंमत आहे. फिरणाऱ्या चाकाचा माथा गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे धावत असतो. तो समोरून येणाऱ्या वाऱ्यास अशा काही घुसळण्या घालतो की अशा मोटारीस वाऱ्याचा जो अडथळा होतो त्यात चाकांचाच वाटा फार मोठा असतो. दुसरी किंमत अधिक भयंकर. पुढच्या गाडीच्या मागील चाकाची पाठ वर जात असते आणि मागून येणाऱ्या गाडीच्या पुढील चाकाचे तोंड खाली येत असते. ही दोन चाके एकमेकांस भिडली की मागची गाडी पुढचीवर चढते आणि आकाशात फेकली जाते.

हे त्याने इतक्या शांतपणे सांगितले की आमच्या पोटात गोळा आला. कागद खिशात होता, तो हाताने दाबून पाहिला.

“परंतु आजोबा,” तो म्हणाला, “आमच्या स्पर्धेत गाड्या एकमेकींशी झोंबत नाहीत.” आणि मग त्याने स्पर्धेची सर्व व्यवस्था सांगितली. ही पद्धत अमेरिकेत १९८० नंतर महाविद्यालयांसाठी निघाली. इंग्लंडात १९९८ पासून फॉर्म्युला स्टुडंट ह्या नावाने चालते. आपल्याकडेही अशा स्पर्धा भरतात, त्यांतील फॉर्म्युला भारत ही कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होत आली आहे. मुंबईकडील मुले ह्यात मागे नाहीत. विद्याविहारच्या सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे ओरायन नावाचे पथक आपली गाडी घेऊन जर्मनीत जाऊन आले, आणि पवईच्या आयआयटीची मुले विजेवर चालणारी गाडी घेऊन इंग्लंडात सिल्व्हरस्टोनच्या मैदानावर उतरली. ह्या स्पर्धेत एका हजार गुणांपैकी दीडशे केवळ आराखड्याच्या परीक्षेला असतात. परीक्षक समोर बसवून विचारतात की ही नळी एवढीच जाड का, हा कोन असाच का. खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. पंच्याहत्तर मीटरची सरळ धाव, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वळण, आणि शेवटी सुमारे बावीस किलोमीटरची दमछाक, सर्व रबरी शंकूंच्या मधून. पुढे जाण्यासाठी ठराविक जागा नेमलेली, तेथेही झेंडा दाखविल्यावरच. सरासरी वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास राहील अशीच वाट मुद्दाम वाकडी आखलेली असते. शहाडच्या पुलावरून मालमोटारी ह्याहून बेफाम जातात, हे आम्ही मनात म्हटले. उघड म्हटले नाही, कारण आम्ही अजून न्यायाधीशाच्या आसनावर होतो.

ज्या करिवर्धनांच्या नावाने ते कोइमतूरचे मैदान ओळखले जाते, त्यांनी मारुती आठशेचे साधे इंजिन घालून बेताच्या खर्चात एकासनी गाड्या तयार केल्या, म्हणून आपल्या देशातील पुष्कळ तरुणांस असल्या गाडीत बसता आले. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. आमच्या मुलांच्या गाडीचे इंजिन मोटारसायकलीचे आहे, तीनशे त्र्याहत्तर घनसेंटिमीटरचे. आपल्या पुण्याजवळच्या चाकणला तयार झालेले. स्पर्धेचा नियम असा की इंजिनाने घेतलेली सारी हवा वीस मिलिमीटर व्यासाच्या एका भोकातून गेली पाहिजे. नव्या रुपयाच्या नाण्याएवढे भोक! म्हणजे श्रीमंताने मोठे इंजिन आणिले तरी त्यास श्वास गरिबाइतकाच. हा नियम ज्याने काढला तो मास्तर असला पाहिजे.

इंजिन पाठीमागे का, हेही विचारले. बैल गाडीच्या पुढे असतात, घोडे रथाच्या पुढे असतात. ओढणाऱ्याने पुढे असावे हा पृथ्वीवरचा नियम. तो युरोपातही दीर्घकाळ मानला गेला. १९३० नंतर जर्मनीच्या ऑटो युनियनने इंजिन मागे घालून शर्यती जिंकल्या होत्या, तरी रूढी मोडली नाही. ती मोडली इंग्लंडच्या कूपर नावाच्या बापलेकांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी मोटारसायकलीचे इंजिन लहान गाडीच्या पाठीत बसविले. साखळीने मागचे चाक फिरवावयाचे तर इंजिन त्याच्या शेजारीच असणे सोयीचे, एवढाच त्यात विचार. पुढे १९५९ मध्ये जॅक ब्रॅबहॅम ह्यांनी कूपरच्याच मागील इंजिनाच्या गाडीत जगज्जेतेपद मिळविले आणि थोड्याच वर्षांत पुढे इंजिन असलेल्या गाड्या त्या शर्यतींतून नाहीशा झाल्या. मोहन्याच्या शेडीतली गाडीही मोटारसायकलीच्या इंजिनाची आणि साखळीचीच. पाऊणशे वर्षांमागचा तो आखूड मार्ग आमच्या मुलांनी गरिबीमुळेच पुन्हा धरला, ह्याचे आम्हांस कौतुक वाटले.

गाडीस पुढेमागे फळ्या आहेत, त्या विमानाच्या पंखांसारख्या पण उलट्या. विमानाचा पंख वर उचलतो, हा खाली दाबतो, म्हणून वळणावर चाके जमीन सोडीत नाहीत. वेग दुप्पट झाला तर हा दाब चौपट होतो. फॉर्म्युला वनच्या गाड्यांस असे पंख १९६८ पासून आले, आणि आजच्या गाडीवर पुरेशा वेगात तिच्या स्वतःच्या वजनाहून अधिक दाब पडतो. आमच्या मुलांच्या वेगात त्या फळ्यांचा उपयोग कितपत, ह्यावर त्यांच्यातच दोन पक्ष आहेत आणि तो वाद आम्ही असेतो मिटला नाही.

एवढा वेळ मेहुणे काही बोलले नव्हते. ते उकिडवे बसून पुढच्या चाकाच्या टायरवर हात फिरवीत होते. झिजून बाद झालेला एक टायर कोपऱ्यात कापून ठेविलेला होता, तो त्यांनी मागितला, कापलेली कड नखाने उकलली आणि रबरात दडलेला धागा बाहेर ओढला.

“हे बघ,” ते नातवास म्हणाले, “भार रबर पेलीत नाही. रबर हवा कोंडते आणि जमिनीला चिकटते. हवेचा ताण धरतो तो हा धागा. आम्ही हाच करीत होतो.”

मुलांस हे पुस्तकातून ठाऊक होते. पण ते ज्या गावात रोज येऊन टायर घासत होते त्याच गावात टायरचा धागा निघत असे, हे एकासही ठाऊक नव्हते. मग मेहुणे खुलले. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवावयाचा, कार्बन डायसल्फाइडने त्याचा मधासारखा दाट रस करावयाचा, तो सुईच्या टोकाहून बारीक छिद्रांतून आम्लाच्या कुंडीत सोडावयाचा, की त्याचे रेशमासारखे तंतू होतात, तो रेयॉन. पुढे टायरसाठी नायलॉनचा धागा आला, त्यास पीळ कसा देत, एक धागा तुटला तर पाळीत काय धावपळ होई, हे सारे त्यांनी हातवारे करून सांगितले. मुले गाडी सोडून त्यांच्याभोवती बसली. एकोणतीस वर्षांत त्यांच्या कामाविषयी आम्ही, त्यांच्या घरच्या मेजवान्या झोडणाऱ्या आप्तांनी, एकदाही असे काही विचारले नव्हते. संस्कृतात सूत म्हणजे सारथी आणि मराठीत सूत म्हणजे धागा, हे आम्ही त्या वेळी बोलून दाखविले. कोणी हसले नाही. निवृत्त मास्तरांनी ह्याची सवय ठेवावी.

अमराने रथाच्या अवयवांत वरूथ म्हणून एक दिला आहे. टक्कर झाली असता रथ व रथी वाचावेत म्हणून घातलेले आवरण. आम्ही विचारले, तुमच्या रथास वरूथ कोठे? तेव्हा मुलांनी ते दाखविले, आणि आमच्या कामगिरीचा गाभा येथे होता. हाकणाऱ्याच्या पाठीमागे नळीची एक उंच कमान, पुढे चक्रापाशी दुसरी. ह्या दोन कमानींवर दोरी ताणली तर शिरस्त्राण तिच्याखाली किमान पन्नास मिलिमीटर राहिलेच पाहिजे, म्हणजे गाडी उलटली तरी डोके जमिनीस लागत नाही. नाकाशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा अॅल्युमिनियमचा ठोकळा. आघात झाला की तो चुरगळतो आणि धक्का गिळतो. इंजिन व माणूस ह्यांच्यामध्ये आगीस अडविणारा पडदा. अंगास अनेक पट्टे. फॉर्म्युला वनमध्ये तर २०१८ पासून डोक्याभोवती टायटॅनियमचे एक कडेच घालतात. २०२० मध्ये बहारीन येथे ग्रोजाँ ह्या फ्रेंच गड्याची गाडी कठड्यात घुसून दोन तुकडे झाली व पेटली, तरी तो सुमारे अर्ध्या मिनिटात आपल्या पायांनी ज्वाळांतून बाहेर आला, ते ह्या कड्यामुळे.

“अर्धे मिनिट पुष्कळ झाले,” नातू म्हणाला. “आम्हांला पाच सेकंद देतात.”

म्हणजे पट्टे बांधून, हातमोजे व शिरस्त्राण घालून बसलेल्या माणसाने इशारा होताच पट्टे सोडून, चक्र काढून, दोन्ही पाय जमिनीवर टेकून पाच सेकंदांत उभे राहावयाचे. ते साधले नाही तर गाडी मैदानावर जाऊच देत नाहीत. आम्ही आमचे मनगटी घड्याळ काढले. नातू बसला. आम्ही “हं” म्हटले. साडेचार. पुन्हा बसविला, चार. तिसऱ्या खेपेस मुद्दाम त्याच्याशी दुसरेच बोलत राहिलो आणि मध्येच “हं” म्हटले; चार आणि थोडे. त्याचे कोपर नळीवर आपटून सोलवटले होते, ते त्याने आम्हांपासून लपविले. पण आम्ही चाळीस वर्षे मुलांचे लपविलेले पाहात आलो आहोत.

आता ब्रेक. स्पर्धेत गाडी थोडी पळवून ब्रेक दाबला असता चारी चाके एकदम थबकली पाहिजेत. नियमाप्रमाणे तेलाच्या नळ्यांच्या दोन स्वतंत्र जोडण्या असतात, एक फुटली तरी दुसरी चालावी म्हणून. अंगणाच्या टोकास मुले खुणा करून उभी राहिली. इंजिनाचा आवाज पत्र्याच्या शेडीत असा घुमला की शेजारची कबुतरे उडाली. नातू आला, खुणेपाशी पाय दाबला, पुढची दोन चाके थबकून सिमेंटवर काळे ओरखडे उमटले. मागची फिरतच राहिली. मुलांनी पायाखालच्या दांडीचा तोल बदलून जोर मागे वळविला. दुसऱ्या खेपेस तीन थबकली. उजवे मागचे फिरत राहिले. आम्हांस कर्णाच्या रथाचे चाक आठवले, तेथे चाक फिरेना हे दुःख, येथे थांबेना हे.

नळीत हवा राहिली असावी, असे मुलांचे मत पडले. एक मित्र म्हणाला, “पुन्हा एकदा जोरात दाबून बघ, लागेल. आज व्हिडिओ पाठवायचा आहे.” स्पर्धेच्या लोकांस त्या रात्रीपर्यंत गाडी चालत असल्याचे चित्रण पाठवावयाचे होते, न पाठविल्यास मागे पडण्याची भीती. बाकीचे गप्प. सर्वांच्या दृष्टी नातवाकडे. आम्ही बोलावे असे फार वाटले. घशापर्यंत शब्द आले. परंतु मेहुण्यांनी आमच्या दंडावर हात ठेविला.

नातवाने शिरस्त्राण काढले. “चालत असल्याचे तर घेतलेच आहे, तेच पाठवा. नळी खोलून तेल पुन्हा भरल्याशिवाय मी बसणार नाही, आणि तूही बसायचे नाही.” मित्र चिडला, पाना आपटून बाहेर गेला, दहा मिनिटांनी सर्वांसाठी चहा आणि वडापाव घेऊन परत आला आणि काहीच न झाल्यासारखा चाकाखाली शिरला.

आम्ही सही केली नाही. नातवाने विचारलेही नाही. मेहुण्यांस त्यांच्या घरी सोडावयास गेलो तेव्हा त्यांनी तो ओढून काढलेला धागा रुमालात बांधून घेतला होता, तो एकदा उजेडात धरून पाहिला.

रात्री पाने वाढताना सूनबाईंस सर्व सांगितले. कमानी, पट्टे, पाच सेकंद; आणि चौथे चाक थांबले नाही हेही, कारण त्यांना अर्धे सांगणे म्हणजे विश्वासघात. त्यांनी वाढणे थांबवून विचारले, “तो स्वतः उतरला? की तुम्ही सांगितलेत म्हणून?”

“आम्ही तोंड उघडले नाही.”

त्यांनी आमटीचा डाव पातेल्यात ठेविला, पदरास हात पुसले आणि कागद मागितला. वाचला. पालकाच्या सहीची जागा बोटाने चाचपली आणि तो देवघरातील पोथ्यांच्या बासनाखाली सरकवून ठेविला.

“पुढच्या रविवारी मी येते,” त्या म्हणाल्या. “चारी चाके थांबलेली मला पाहू दे. सही मी करीन.”